सेल्फ जड का फिरतो? ट्रकच्या निमित्ताने ओहमच्या नियमाचा एक पाठ



इयत्ता नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा पाठ आहे. मुले V = IR पाठ करतात, दोन किमती दिल्या की तिसरी काढतात आणि गुण मिळवतात. पण "घरात, रस्त्यावर हा नियम कुठे दिसतो?" असे विचारले की वर्ग शांत होतो. आजचा पाठ त्यासाठीच आहे. उदाहरण घेतले आहे अवजड ट्रकचे. आपल्याकडे कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा ट्रकवर आहेत किंवा गॅरेजमध्ये काम करतात. त्या मुलांना हा पाठ लगेच आपला वाटतो, आणि बाकीच्यांनाही त्यात विचार करायला भरपूर आहे.

प्रसंग असा आहे

डिसेंबरची पहाट आहे. उसाने भरलेला ट्रक कारखान्याकडे निघायचा आहे. ड्रायव्हर चावी फिरवतो. नेहमीचा जोरदार आवाज येत नाही. इंजिन घुं... घुं... करत कसेबसे दोन-तीन फेरे घेते आणि थांबते. आजूबाजूचे लोक जमतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली, नवी जोडी टाका." दुसरा म्हणतो, "सेल्फ खोला." तिसरा म्हणतो, "धक्का मारा."

तिघांपैकी कोणाचे खरे? मापल्याशिवाय सांगता येत नाही, हेच याचे उत्तर. बॅटरीच्या जोडीला हजारो रुपये लागतात. दोष बॅटरीत नसेल, तर ते पैसे गेले आणि दुखणेही तसेच राहिले. नव्या बॅटऱ्यांवर गाडी चार दिवस बरी चालल्यासारखी वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. म्हणून हा पाठ फक्त परीक्षेपुरता नाही, एखाद्या घरच्या महिन्याच्या खर्चाचाही आहे.

आधी थोडी पूर्वतयारी

इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात. पूर्वी गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून हाताने इंजिन फिरवावे लागे. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा 'सेल्फ स्टार्टर' कॅडिलॅक मोटारींत आला. त्यातला 'सेल्फ' तेवढा आपल्या बोलीत राहिला.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सेल्फ हळू फिरला, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जाते. हवा पुरेशी तापत नाही, डिझेल पेटत नाही. म्हणजे डिझेल इंजिन फिरले पाहिजे, आणि पुरेशा वेगाने फिरले पाहिजे.

आपल्याकडच्या अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात. त्यांचे मिळून २४ व्होल्ट होतात. मुलांना विचारा : समांतर जोडणी केली असती तर किती व्होल्ट मिळाले असते? (उत्तर : १२ च.) एवढे मोठे इंजिन फिरवायला सेल्फ काही क्षण शेकडो अँपिअर विद्युतधारा घेतो. घरातला एक बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. या तुलनेवर वर्गात थोडे थांबा, पुढचे सगळे यावरच उभे आहे.

पायरी १ : आधी कान द्या

मीटर बाहेर काढण्याआधी आवाज ऐकायचा.

- सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही : बहुधा डिझेलच्या लाइनीत हवा किंवा डिझेलच पोचत नाही. तो वेगळा विषय.
- नुसती टिक-टिक-टिक होते : सोलेनॉइड ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळते आणि तो सुटतो. बॅटरी फार उतरली आहे किंवा जोड फार खराब आहे.
- एकच 'टक' आवाज येतो आणि पुढे काही नाही : सोलेनॉइडचे आतले संपर्क, मोटर किंवा अडकलेले इंजिन.
- घुं... घुं... करत जड फिरतो : हाच आपला आजचा रोगी.

जड फिरण्याची कारणे तीनच गटांत बसतात. बॅटरी पुरेशी ताकद देत नाही, ताकद वाटेत हरवते, किंवा सेल्फ-इंजिन फिरायलाच जड झाले आहे. देणारा, वाट आणि घेणारा. फळ्यावर हे तीन शब्द लिहून ठेवा.

पायरी २ : विश्रांतीतली बॅटरी

इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजायचे. गाडी नुकतीच चालून आली असेल तर हेडलाइट दोनेक मिनिटे लावून, बंद करून, मग मोजायचे. नाहीतर मीटर उगाच जास्त आकडा दाखवतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली.

दोन्ही वेगवेगळ्या का मोजायच्या? समजा एकूण २४.७ आले. आकडा फार वाईट वाटत नाही. पण त्यात एक १२.६ ची आणि दुसरी १२.१ ची असू शकते. एकसर जोडणीत दोघींतून एकच धारा वाहते, त्यामुळे कमजोर बॅटरी दोघींनाही मागे खेचते.

हा फरक पडण्याचे एक कारण आपल्या ट्रकमध्ये नेहमी सापडते. टेप किंवा मोबाइल चार्जर १२ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याची वायर दोनपैकी एकाच बॅटरीवरून काढलेली असते. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते. अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच चार्ज करतो. परिणाम असा की एक उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापते, तिचे पाणी आटते. उपाय सोपा आहे : २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावायचा. आणि बॅटऱ्या बदलायची वेळ आलीच तर जोडीने बदलायच्या, एक जुनी एक नवी असे करायचे नाही.

पायरी ३ : भार टाकून मोजा

पाठाचा गाभा इथे आहे. मुलांना हे उदाहरण द्या. गावातल्या टाकीपासून आपल्या नळापर्यंत पाइप आला आहे. पाइपात मध्येच गाळ साचलाय. नळ बंद असताना नळापाशी पाण्याचा दाब पूर्ण भरतो. कारण पाणी वाहतच नाही, मग गाळ अडवणार कशाला? नळ उघडला की बारीक धार. गाळ आधीही होताच, पण पाणी वाहू लागले तेव्हाच कळला.

विजेचे अगदी तसेच. V = IR मध्ये I शून्य असेल, तर R कितीही असो, त्यावरचे विभवांतर शून्य. म्हणून सेल्फ बंद असताना मीटर सगळीकडे पूर्ण २५ व्होल्ट दाखवतो आणि सगळे ठीक वाटते. नुसती 'बीप' ऐकून वायर चांगली आहे असे ठरवणेही चुकीचे. केबलच्या शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. पण त्या एका तारेतून ३०० अँपिअर जाणार नाहीत.

म्हणून मोजायचे ते सेल्फ फिरत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद ठेवायचे. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायची दोरी ओढून धरतात, नव्या गाड्यांत कंपनीने सांगितलेली पद्धत वापरायची. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, आणि मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्यायची. नाहीतर मोटर जळते.

बॅटरीच्या दोन टोकांच्या पोस्टवर मीटर धरून आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलला लावून आकडे बघायचे. तीन शक्यता आहेत.

१. व्होल्टेज १९ च्या खाली कोसळले आणि धारा फार नाही : देणारा कमजोर. बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा, हायड्रोमीटरने प्रत्येक घरातले ॲसिड बघा. एकाच घराचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर ती बॅटरी संपली.

२. व्होल्टेज चांगले टिकून आहे, धारा कमी, तरी सेल्फ जड : ताकद वाटेत हरवते आहे. बॅटरीचा दोष नाही.

३. व्होल्टेज खाली आणि धारा नेहमीपेक्षा खूप जास्त : घेणारा जड झाला आहे. सेल्फचे बुश झिजून आर्मेचर घासत असेल किंवा इंजिनच जड फिरत असेल.

मुलांना हे तीन निकाल पाठ करायला लावू नका. "वाटेत रोध वाढला तर धारा वाढेल की कमी होईल? मग बॅटरीवर ताण वाढेल की कमी होईल?" असे विचारत न्या. उत्तर त्यांना स्वतःला सापडते.

पायरी ४ : हरवलेले व्होल्ट शोधा

आता आपल्या उसाच्या ट्रकचे आकडे घेऊ (आकडे उदाहरणासाठी आहेत). सेल्फ फिरताना :

- बॅटरीच्या पोस्टवर : २२.४ व्होल्ट
- सेल्फच्या मोटरवर : १७.९ व्होल्ट
- धारा : ३०० अँपिअर

२२.४ वजा १७.९ म्हणजे ४.५ व्होल्ट वाटेत हरवले. कुठे? मीटरची एक पिन वाटेच्या एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला धरून, सेल्फ मारून, तुकड्या-तुकड्याने मोजायचे.

- बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टपासून सोलेनॉइडपर्यंत : ०.६
- सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये : ०.२
- सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपर्यंत : ३.७

बेरीज ४.५, हिशोब जुळला. चोर परतीच्या वाटेवर आहे, म्हणजे अर्थमध्ये. लोक पॉझिटिव्हची जाड केबल बघतात, पण जेवढी धारा तिकडून जाते तेवढीच अर्थमधून परत यावी लागते, हे विसरतात. ही वाट आणखी तोडून मोजू.

- सेल्फच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत : ०.१
- इंजिन ब्लॉकपासून चासीपर्यंत : ३.३
- चासीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपर्यंत : ०.३

सापडला! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, अर्थ पट्टी. ती गंजते, तुटते, किंवा क्लच-गिअरबॉक्सचे काम झाल्यावर रंगावर, ग्रीसवर तशीच कसली जाते.

आता नववीचे सूत्र वापरा. R = V ÷ I = ३.३ ÷ ३०० = ०.०११ ओहम. ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोध! साध्या मल्टीमीटरच्या ओहम खुणेवर हा दिसणारच नाही, मीटर शून्यच म्हणेल. दहावीचे सूत्रही लगेच येते : P = VI = ३.३ × ३०० = ९९० वॉट. घरातल्या कपड्यांच्या इस्त्रीएवढी उष्णता त्या एका जोडात तयार होते. म्हणून सेल्फ मारल्यावर खराब जोड चटका बसेल इतका गरम लागतो. पट्टी पूर्णच तुटली, तर धारा ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढते आणि त्या केबल तापून जळल्याचीही उदाहरणे गॅरेजवाले सांगतात.

किती घट चालते? २४ व्होल्टच्या गाडीत येताना आणि जाताना प्रत्येकी साधारण अर्धा ते एक व्होल्ट. त्यापुढे गेले की जोड उघडायचा. मीटरची पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर धरायची, वरच्या क्लॅम्पवर नाही. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच पांढरी-हिरवी बुरशी असते, आणि क्लॅम्पवर पिन धरली तर नेमका तोच दोष मोजमापातून सुटतो.

इथे उपाय काय? पट्टी काढून दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासायच्या, पट्टी खराब असेल तर नवी टाकायची, घट्ट कसायची, वरून ग्रीस लावायचे. बॅटरीच्या जोडीच्या मानाने खर्च किरकोळ. त्यानंतर पुन्हा तेच मोजायचे. ३.३ च्या जागी ०.२ आले, तरच दुरुस्ती झाली म्हणायचे.

पायरी ५ : वाट चांगली असेल तर

देणारा चांगला, वाट चांगली, तरी जड? मग घेणाऱ्याकडे जायचे. सेल्फचे कार्बन ब्रश, बुश, आर्मेचर ही नेहमीची ठिकाणे. इंजिनाकडे बघताना ऑइल योग्य ग्रेडचे आहे का, हे आधी. थंडीत घट्ट ऑइल इंजिनाला जड करते आणि त्याच थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते, म्हणून हे दुखणे पहाटेच वर येते. इंजिन हाताने बार लावून फिरवून बघतात. ते एका जागी अडत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. अशा वेळी सेल्फ मारत राहिले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि बॅटरी उतरलेली सापडली, तर "का उतरली?" हा प्रश्न सोडायचा नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा सैल पट्टा बघायचा.

वर्गात करता येईल असा प्रयोग

ट्रक शाळेत आणायची गरज नाही. टॉर्चचे दोन सेल, एक टॉर्चचा छोटा बल्ब होल्डरसह, पेन्सिलीतले शिसे आणि साधा मल्टीमीटर एवढे पुरे. एलईडी नको, तो फार कमी धारा घेतो आणि फरक नीट दिसत नाही.

१. सेल आणि होल्डर यांच्यामध्ये शिशाचा तुकडा एकसर जोडा. हा आपला गंजलेला जोड.
२. बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. जवळपास ३ येते.
३. बल्ब लावा. तो मंद पेटतो. आता पुन्हा तिथेच मोजा, आकडा घसरलेला असतो.
४. मीटर शिशाच्या दोन टोकांवर धरा. हरवलेले व्होल्ट तिथे सापडतात.
५. सेलवरचे व्होल्टेजही मोजा आणि बेरीज जुळते का ते मुलांना करू द्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये थांबून मुलांकडून अंदाज लिहून घ्या. बहुतेक मुले "३ च येईल" असे लिहितात. आकडा घसरलेला दिसला की "का?" हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

सुरक्षितता

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको. ॲसिड डोळ्यांत, कातडीवर घातक आहे. हातातली अंगठी, कडे काढून ठेवायचे, पान्याने दोन टोके जोडली गेली तर तो लालबुंद होतो. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. ट्रकवरचे मोजमाप मुलांनी एकट्याने करायचे नाही, जाणत्या मेकॅनिकजवळ उभे राहून बघायचे.

सरावासाठी प्रश्न

१. सेल्फ फिरताना धारा ४०० अँपिअर आहे. पॉझिटिव्ह केबलवर २ व्होल्टची घट दिसते. केबलचा रोध किती? उष्णता किती वॉट? (उत्तर : ०.००५ ओहम, ८०० वॉट)
२. त्याच केबलमधून फक्त पार्किंग लाइटची २ अँपिअर धारा गेली तर घट किती? (उत्तर : ०.०१ व्होल्ट. म्हणूनच लाइट झकास लागतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही.)
३. "लाइट लागतात म्हणजे बॅटरी चांगली" हे विधान बरोबर आहे का? कारण लिहा.

पालकांसाठी दोन शब्द

"अभ्यास नाही केलास तर गॅरेजमध्ये जावे लागेल" असे आपण सहज बोलून जातो. वरचे आकडे पुन्हा बघा. तीन शक्यता मांडणे, मोजून एकेक बाद करणे, हिशोब जुळवणे, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणे : डॉक्टर आणि शास्त्रज्ञही हेच करतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन रोज करतो. ज्या मुलाचे वडील हे काम करतात, त्याला वर्गात पुढे बोलवा आणि वडिलांना काय काय विचारून आलास ते सांगायला सांगा. आणि ज्याला पुढे आयटीआयला जायचे आहे, त्याला कळू द्या की त्याच्या हातातल्या पान्याइतकेच नववीचे ते छोटे सूत्रही त्याच्या कामाचे हत्यार आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुद्दामच दिलेले नाही. ते मुलांकडूनच येऊ द्या.